विंडोज ११ कडे जाताना : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

मायक्रोसॉफ्टने विंडोज १० या प्रणालीसाठीच्या मोफत सुरक्षा-दुरुस्त्या १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवल्या, आणि तेव्हापासून या सदराकडे येणाऱ्या पत्रांचा विषय जवळजवळ एकच झाला आहे. नाशिक शहर आणि जिल्ह्यातून आलेल्या पत्रांपैकी काही येथे घेतली आहेत. एक खुलासा आधीच केलेला बरा. मुदत संपली म्हणजे संगणक बंद पडला, असे नव्हे. तो पूर्वीसारखाच चालतो, मात्र त्यानंतर सापडणाऱ्या सुरक्षा-त्रुटी त्यात तशाच उघड्या राहतात. म्हणून घाईने उडी मारू नये, तसेच ‘चाललेय ना, मग चालू दे’ असेही म्हणू नये. माझ्या मते निर्णयाची सुरुवात संगणकापासून न करता त्याला जोडलेल्या सर्वांत हट्टी वस्तूपासून करावी. ती वस्तू कोणाकडे छापखान्यातला फॉन्ट असते, कोणाकडे सहीचे टोकन, तर कोणाकडे कारखान्यातली यंत्राची केबल.

प्रश्न : आमच्या करसल्लागार कार्यालयात सहा संगणक आहेत. चारांवर विंडोज ११ घेता येईल असे तपासणीत दिसते, दोन मात्र नाकारले जातात. आमचे नेहमीचे हार्डवेअरवाले म्हणतात की एका रविवारी सगळे फॉरमॅट मारून नवे करून देतो. तसे करावे काय?
— एक करसल्लागार, शरणपूर रोड

उत्तर : सगळे संगणक एकाच दिवशी करू नयेत, आणि ज्या चार संगणकांवर विंडोज १० व्यवस्थित चालू आहे त्यांना फॉरमॅट मारण्याची गरजही नाही. अधिकृत परवान्याच्या विंडोज १० वरून ११ वर जाणे मोफत आहे, आणि ते जागच्या जागी करता येते. कागदपत्रे, हिशेबाचे सॉफ्टवेअर आणि प्रिंटरच्या जोडण्या बहुतेक वेळा तशाच राहतात. शिवाय गडबड झालीच तर पहिल्या १० दिवसांत सेटिंग्जमधील रिकव्हरीच्या पानावरून परत विंडोज १० वर येता येते. फॉरमॅट केलेल्या संगणकाला हा परतीचा रस्ता राहत नाही.

नाकारलेल्या दोन संगणकांबाबत आधी कारण शोधावे, कारण नकार दोन प्रकारचा असतो. प्रोसेसरच जुना असेल तर इलाज नाही. इंटेलच्या प्रोसेसरचे नाव वाचताना आडव्या रेघेनंतरचा आकडा पाहावा : आय-५-८४०० असे असेल तर तो आठव्या पिढीचा आहे आणि चालतो, आय-५-४५७० असेल तर तो चौथ्या पिढीचा आहे आणि मायक्रोसॉफ्टच्या यादीत बसत नाही. एएमडीच्या बाबतीत ढोबळमानाने रायझन २००० मालिकेपासून पुढचे बहुतेक प्रोसेसर चालतात. परंतु प्रोसेसर नवा असूनही ‘टीपीएम २.० आढळले नाही’ असा संदेश येत असेल, तर सुरक्षेच्या किल्ल्या जपणारी ती सोय मदरबोर्डमध्ये असून बायोसमध्ये, म्हणजे संगणक सुरू होतानाच्या मूळ सेटिंग्जमध्ये, बंद ठेवलेली असण्याची शक्यता बरीच आहे. इंटेलच्या बोर्डांवर तिचे नाव पीटीटी असे दिसते, एएमडीच्या बोर्डांवर एफ-टीपीएम असे दिसते. ती चालू केली की काम होते. हार्ड डिस्क जुन्या एमबीआर पद्धतीने विभागलेली असेल, तर विंडोजमधील एमबीआर-टू-जीपीटी हे साधन माहिती न पुसता ती बदलून देते. तरीही त्याआधी पूर्ण बॅकअप घेतलाच पाहिजे. नुसत्या सेटिंगसाठी नवा संगणक गळ्यात मारला जाऊ नये, एवढ्यासाठी हे सविस्तर लिहिले.

आता दिवस निवडण्याचा प्रश्न. आपल्या व्यवसायात ७ तारखेला टीडीएसचा भरणा, ११ ला जीएसटीचे जीएसटीआर-१ विवरण, २० ला ३-बी विवरण आणि तिमाही योजनेतील व्यापाऱ्यांसाठी महाराष्ट्रात २२ तारीख असा क्रम असतो. म्हणून तिमाही विवरणांचे महिने सोडून, २३ नंतरचा एखादा दिवस धरावा आणि पहिल्या फेरीत एकच संगणक घ्यावा, तोही मालकाचा किंवा मुख्य हिशेबनिसाचा नव्हे. त्या संगणकावर एक पूर्ण महिन्याचे चक्र पार पडू द्यावे : विवरण भरणे, सही करणे, चलन छापणे, ग्राहकाला मेल पाठवणे. ते निर्विघ्न पार पडले की उरलेले संगणक घ्यावेत. ‘मीडिया क्रिएशन टूल’ने एकदाच पेनड्राइव्ह तयार करून ठेवला, तर प्रत्येक संगणकावर पुन्हा पुन्हा पाच-सहा जीबी उतरवत बसावे लागत नाही.

आपल्याकडची हट्टी वस्तू म्हणजे डिजिटल सहीचे टोकन. सही टोकनमध्येच असते आणि तिची खासगी किल्ली बाहेर काढता येत नाही, त्यामुळे संगणक बदलल्याने सही नाहीशी होत नाही. मात्र टोकनचा ड्रायव्हर (टोकन संगणकाला ओळखू देणारे सॉफ्टवेअर) आणि पोर्टलवर सही करण्यासाठीचे एम-साइनर पुन्हा घालावे लागू शकतात. टोकन ओळखले जात नाही म्हणून पिन पुन्हा पुन्हा टाकून पाहू नये, कारण ठरावीक वेळा चुकल्यावर टोकन कुलूपबंद होते आणि मग सही पुरवणाऱ्याच्या दारात जावे लागते. टॅलीसारख्या सॉफ्टवेअरचा परवाना त्या विशिष्ट संगणकाशी बांधलेला असतो. जागच्या जागी बदल करताना तो सहसा टिकतो. पण संगणक फॉरमॅट करायचाच असेल किंवा बदलायचा असेल, तर त्याआधी परवाना ‘सरेंडर’ करावा.

आणखी एक अडचण अशी येते की ती बदलानंतर दुसऱ्या दिवशी सकाळी कळते. कार्यालयात एका संगणकावरचे फोल्डर सर्वांसाठी खुले ठेवलेले असते आणि त्याला पासवर्ड नसतो. विंडोज ११ च्या २४-एच-२ या आवृत्तीपासून प्रो प्रकारात अशा बिनपासवर्डच्या जोडण्या मुळातच नाकारल्या जातात आणि जोडणीतल्या प्रत्येक संदेशावर संगणकाची स्वतःची पडताळणीची खूण (‘साइनिंग’) असण्याची अट असते. त्यामुळे नवे संगणक जुन्या सामायिक डिस्कवर पोहोचत नाहीत, आणि झेरॉक्स यंत्राचे स्कॅन थेट फोल्डरमध्ये येणेही थांबू शकते. यावर इंटरनेटवर सापडणारा उपाय म्हणजे ही सुरक्षाच बंद करणे. तो करू नये. फोल्डर ठेवलेल्या संगणकावर प्रत्येकासाठी नाव आणि पासवर्ड तयार करून द्यावा; अर्ध्या तासाचे काम आहे.

जे दोन संगणक खरोखरच जुने निघतील त्यांच्यासाठी मायक्रोसॉफ्टची विकतची वाढीव सुरक्षा-योजना आहे. व्यवसायांसाठी तिचा दर पहिल्या वर्षी प्रतिसंगणक ६१ डॉलर आहे, तो दरवर्षी दुप्पट होतो आणि योजना जास्तीत जास्त तीन वर्षे चालते. दुसऱ्या वर्षी सामील होणाऱ्यालाही पहिल्या वर्षाचे पैसे भरावे लागतात. सात-आठ वर्षांहून जुन्या संगणकावर तीन वर्षे असा खर्च करणे मला पटत नाही. एक वर्षाची सवड हवी असेल तर ठीक. ऑफिस २०१६ आणि २०१९ यांचीही मुदत त्याच १४ ऑक्टोबरला संपली आहे, हे अंदाजपत्रक करताना विसरू नये. आपल्याकडे लोकांचे पॅन, आधार आणि बँकेचे उतारे असतात. वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ चा आहे, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले आहेत, आणि त्यात माहितीची वाजवी सुरक्षा ठेवण्याची जबाबदारी ती बाळगणाऱ्यावर आहे.

प्रश्न : मी निवृत्त शिक्षिका आहे. मुलाने बारा वर्षांपूर्वी घेऊन दिलेला संगणक अजून उत्तम चालतो. त्यावर मी बँकेचे व्यवहार पाहते, नातवंडांशी व्हिडिओवर बोलते आणि थोडेफार मराठी लेखन करते. आता ‘हा संगणक विंडोज ११ साठी पात्र नाही’ असा संदेश सारखा येतो. तो भंगारात द्यावा काय?
— एक वाचक, इंदिरानगर

उत्तर : मुळीच नाही. आपल्यासमोर दोन सोपे मार्ग आहेत आणि दोन्ही बिनखर्चाचे होऊ शकतात.

पहिला मार्ग सवड मिळवण्याचा. घरगुती वापरकर्त्यांसाठी मायक्रोसॉफ्टने १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत वाढीव सुरक्षा-दुरुस्त्या ठेवल्या आहेत. संगणकावर विंडोज १० ची २२-एच-२ ही शेवटची आवृत्ती असावी आणि मायक्रोसॉफ्टचे खाते असावे, एवढ्या अटी आहेत. सेटिंग्जमधील विंडोज अपडेटच्या पानावर नोंदणीचा दुवा येतो. तेथे ३० डॉलर भरण्याचा पर्याय दिसला म्हणून बिचकू नये; आपल्या सेटिंग्जची प्रत खात्यात ठेवण्यास संमती दिली की नोंदणी फुकट होते. केवळ सेटिंग्जचीच प्रत ठेवावी. फोटो आणि कागदपत्रेही त्यात घातली, तर ५ जीबीची मोफत जागा लगेच भरेल आणि जास्त जागा विकत घेण्याचे संदेश सुरू होतील.

दुसरा मार्ग कायमचा आहे. आपण सांगितलेली तिन्ही कामे ब्राउझर आणि साधे लेखनाचे सॉफ्टवेअर यांवर भागणारी आहेत, आणि ती लिनक्स मिंट या विंडोजऐवजी वापरता येणाऱ्या प्रणालीवर उत्तम होतात. मिंटच्या २२ व्या मालिकेला २०२९ पर्यंत दुरुस्त्या मिळणार आहेत. ती मोफत आहे, दिसायला विंडोजच्या जवळची आहे, आणि मुख्य म्हणजे संगणकावर काहीही न बदलता पेनड्राइव्हवरूनच चालवून पाहता येते. मुलाला किंवा शेजारच्या एखाद्या विद्यार्थ्याला पेनड्राइव्ह तयार करून द्यायला सांगावे आणि आठवडाभर तशीच वापरून पाहावी. पेनड्राइव्हवरून ती जरा संथ वाटेल, तो दोष प्रणालीचा धरू नये. कॅमेरा दिसतो का, आवाज येतो का, प्रिंटर छापतो का आणि मराठी टंकलेखन आपल्या सवयीच्या कळफलकाने होते का, या चार गोष्टी पाहाव्यात. आपण इन्स्क्रिप्ट पद्धतीने लिहीत असाल तर काहीच फरक जाणवणार नाही, कारण तो कळफलक तेथेही आहे. रोमन अक्षरांतून मराठी उमटवण्याची सवय असेल तर थोडे जुळवून घ्यावे लागेल.

संगणकात अजून फिरती हार्ड डिस्क असेल, तर ती काढून लहानशी एसएसडी, म्हणजे फिरता भाग नसलेली वेगवान डिस्क, बसवून घ्यावी. बारा वर्षांच्या संगणकाला याहून मोठा लाभ दुसऱ्या कोणत्याही खर्चाने होत नाही.

प्रश्न : आमच्या वर्कशॉपमध्ये एका सीएनसी (संगणकाच्या सूचनांवर चालणाऱ्या) यंत्राशेजारचा संगणक अजून विंडोज एक्सपीवर आहे आणि दुसरा विंडोज ७ वर. दोन्हींवरून केबलने यंत्रात प्रोग्राम जातात. मोठ्या ग्राहकाच्या तपासणीत यावर बोट ठेवले गेले. नवीन संगणक आणून विंडोज ११ घातले की प्रश्न मिटेल काय?
— एक लघुउद्योजक, अंबड औद्योगिक वसाहत

उत्तर : मिटेलच असे नाही, कदाचित यंत्र बंद पडून नवा प्रश्न सुरू होईल. एक्सपीची मुदत ८ एप्रिल २०१४ रोजी संपली आणि विंडोज ७ ची १४ जानेवारी २०२० रोजी. तपासनिसाचे बोट योग्य जागी आहे, पण त्यावरचा उपाय यंत्रानुसार ठरतो.

आधी संगणक यंत्राला कशाने जोडला आहे ते पाहावे. नऊ पिनांचा आरएस-२३२ पोर्ट असेल, तर नव्या संगणकाला तो सहसा नसतो आणि आपण यूएसबीचे कन्व्हर्टर घ्याल. नेमकी येथेच गाडी अडते. बाजारातील जुन्या किंवा नकली कन्व्हर्टरमध्ये पीएल-२३०३-एचएक्सए ही चिप असते. विंडोज १० वर तिला जुना ड्रायव्हर घालून कसेबसे चालवता येत असे. विंडोज ११ मध्ये डिव्हाइस मॅनेजर उघडला की तिच्या नावाजागी ‘२०१२ पासून बंद, विक्रेत्याशी संपर्क साधा’ अशा अर्थाची ओळ पिवळ्या खुणेसह दिसते. ऑपरेटरला वाटते की केबल खराब झाली, मग केबल बदलली जाते, मग यंत्राचा पोर्ट तपासला जातो आणि सगळी पाळी वाया जाते. एफटीडीआय चिपचे चांगले कन्व्हर्टर घ्यावे, शक्यतो दोन घ्यावेत, आणि बॉड रेट, पॅरिटी, स्टॉप बिट ही जुन्या संगणकावरील जोडणीची मूल्ये बदलापूर्वी कागदावर उतरवून संगणकाच्या खोक्यालाच चिकटवून ठेवावीत.

संगणकात यंत्राचे खास कार्ड बसवलेले असेल, किंवा यंत्र बनवणाऱ्याचे सॉफ्टवेअर ३२-बिटचेच ड्रायव्हर मागत असेल, तर विंडोज ११ चा विचार सोडून द्यावा. ती प्रणाली फक्त ६४-बिटमध्ये येते आणि ३२-बिटचे ड्रायव्हर तिच्यात चालत नाहीत. अशा वेळी जुना संगणक जुनाच ठेवून त्याला वेगळे करावे : इंटरनेट नाही, कार्यालयाच्या नेटवर्कशी जोडणी नाही, मेल नाही, आणि कामगारांच्या मोबाइलचे चार्जिंगसुद्धा त्याच्या यूएसबीवर नाही. प्रोग्राम एका नव्या संगणकावर तपासून, त्या एकाच कामासाठी राखलेल्या पेनड्राइव्हने न्यावेत. त्याच्या डिस्कची संपूर्ण प्रतिमा काढून दुसऱ्या डिस्कवर ठेवावी, कारण अशा संगणकाची डिस्क कधी जाईल याचा नेम नसतो आणि ते सॉफ्टवेअर पुन्हा देणारा माणूस बऱ्याचदा कंपनीत राहिलेला नसतो. हे सारे लेखी नोंदवून तपासनिसासमोर ठेवावे.

हा अतिरेक वाटत असेल तर जून २०१७ मधील जेएनपीटीची, म्हणजे न्हावा शेवा बंदराची, घटना आठवावी. नॉटपेट्या नावाचा हल्ला युक्रेनमधील एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून सुरू झाला आणि तेथून जगभर पसरत आपल्या द्राक्ष-कांद्याचे कंटेनर जिथून जातात त्या बंदरातील एका टर्मिनलचे काम त्याने विस्कळीत केले. पसरण्यासाठी त्याने वापरलेल्या त्रुटींपैकी एकीवरची दुरुस्ती मार्च २०१७ मध्येच उपलब्ध झालेली होती. त्याआधी किंवा नंतर अशा हल्ल्यात बंद पडलेल्या कारखान्यांनाही हेच जाणवले की यंत्राशेजारचा संगणक नेटवर्कला जोडलेला आहे, हे कोणाच्या लक्षातच नव्हते. आपल्याकडे वायफायचे डोंगल कोणी सहज लावून ठेवलेले नाही ना, एवढे आजच पाहावे.

नवा औद्योगिक संगणक घेणार असाल, तर विक्रेत्याकडे विंडोज १० च्या आयओटी एंटरप्राइझ एलटीएससी २०२१ या आवृत्तीची चौकशी करावी. यंत्रांसाठीच्या या आवृत्तीला १३ जानेवारी २०३२ पर्यंत दुरुस्त्या आहेत, म्हणजे ‘विंडोज १० संपली’ हे वाक्य सर्वच आवृत्त्यांना लागू नाही.

प्रश्न : आमचा छपाई आणि डीटीपीचा व्यवसाय आहे. वीस वर्षांचे काम जुन्या मराठी फॉन्टमध्ये आणि पेजमेकर या पानमांडणीच्या सॉफ्टवेअरमध्ये आहे. विंडोज ११ वर सर्व मजकूर गिचमिड होतो असे ऐकले. खरे काय?
— एक मुद्रक, मेन रोड

उत्तर : गिचमिड होण्याचे कारण विंडोज ११ नसून फॉन्टची अनुपस्थिती हे आहे. जुन्या फॉन्टमध्ये मजकूर इंग्रजी अक्षरांच्या जागांवर साठवलेला असतो आणि केवळ तो फॉन्ट असला तरच डोळ्यांना मराठी दिसतो. संगणक फॉरमॅट झाला, फॉन्ट गेले, की लग्नपत्रिकेच्या जागी इंग्रजी अक्षरे आणि चिन्हांचा चिवडा दिसतो. म्हणून बदलापूर्वी फॉन्टचे पूर्ण फोल्डर वेगळ्या डिस्कवर उतरवून ठेवावे. नुसत्या फायली ठेवून भागत नाही.

हट्टी वस्तू येथे दोन आहेत. काही जुनी लिपी-पॅकेजे यूएसबी कुलपावर (लावल्याशिवाय पॅकेज न उघडणाऱ्या डोंगलवर) चालतात, आणि त्या कुलपाचा ६४-बिटचा ड्रायव्हर नसेल तर पॅकेज उघडणार नाही. पॅकेज बनवणाऱ्याकडून नव्या आवृत्तीचा दर आधी विचारून घ्यावा. पेजमेकरची शेवटची, म्हणजे सातवी, आवृत्ती २००१ मधील आहे. ती नव्या प्रणालीवर चाललीच तरी तिच्यावर यापुढे व्यवसाय विसंबून ठेवावा असे मला वाटत नाही. एक जुना संगणक इंटरनेट काढून केवळ जुन्या फायली उघडण्यासाठी राखून ठेवावा आणि नवे काम युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक मराठी अक्षराला स्वतःची जागा असलेल्या पद्धतीत, सुरू करावे.

जुना मजकूर युनिकोडमध्ये नेणारी साधने आहेत, पण त्यांच्यावर डोळे झाकून विश्वास ठेवू नये. जुन्या पद्धतीत ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी टंकली जाते आणि युनिकोडमध्ये ती अक्षरानंतर साठवली जाते. त्यामुळे ‘स्थिती’, ‘सांस्कृतिक’, ‘व्यक्तिमत्त्व’ अशा शब्दांत वेलांटी भलत्या अक्षरावर जाऊन बसते. रफार आणि ‘दऱ्या’, ‘सुऱ्या’ यांतील अर्धा र हीदेखील नेहमीची दुखणी. रूपांतरानंतर हे शब्द शोधून तपासावेत, आणि विशेषतः नावे व आडनावे मूळ छापील प्रतीशी ताडून पाहावीत.

युनिकोडमध्येच काम करणाऱ्यांनाही एक सूचना. ज्या फायली मंगल फॉन्टमध्ये आहेत, त्या स्वच्छ नव्या विंडोजवर उघडल्या की ओळी सरकतात आणि बत्तीस पानांची पुस्तिका तेहतिसाव्या पानावर जाते. विंडोज १० पासून मंगल, कोकिळा, अपराजिता हे फॉन्ट मूळ संचात नसतात. त्यांच्या जागी निर्मला फॉन्ट येतो आणि त्याची मापे वेगळी आहेत. सेटिंग्जमधील ‘ऑप्शनल फीचर्स’मध्ये देवनागरीच्या पूरक फॉन्टचा संच मोफत मिळतो. मराठी भाषा जोडली की तो सहसा आपोआपही येतो.

प्रश्न : आमच्या विविध कार्यकारी सोसायटीचा जुना हिशेब फॉक्सप्रोच्या डॉस आवृत्तीत आहे आणि पावत्या डॉट मॅट्रिक्स प्रिंटरवर निघतात. नवीन संगणकावर तो प्रोग्राम उघडतच नाही. लेखापरीक्षक मागच्या वर्षांचे उतारे मागत आहेत.
— एक सचिव, निफाड तालुका

उत्तर : डॉसमधील १६-बिटचे प्रोग्राम ६४-बिट विंडोजवर चालत नाहीत, आणि विंडोज ११ ला दुसरे रूपच नाही. जुना संगणक चालू असेल तर आजच त्यातील संपूर्ण फोल्डर दोन पेनड्राइव्हवर घ्यावे. त्यातील डीबीएफ फायली, म्हणजे हिशेबाची माहिती साठवणाऱ्या फायली, लिब्रेऑफिसच्या कॅल्क या तक्त्यांच्या सॉफ्टवेअरमध्ये थेट उघडतात. आकडे आणि तारखा वाचता येतील, मराठी नावे जिस्टसारख्या जुन्या व्यवस्थेत साठवलेली असल्यास ती मात्र चिन्हांसारखी दिसतील. प्रोग्रामच चालवायचा असेल तर नव्या संगणकात डॉसबॉक्स (डॉसची नक्कल करणारे सॉफ्टवेअर) किंवा ३२-बिट प्रणालीचे व्हर्च्युअल मशीन (संगणकाच्या आत चालणारा दुसरा संगणक) घालून तो चालतो. उतारे थेट डॉट मॅट्रिक्सवर काढण्याच्या खटपटीपेक्षा ते फायलीत उतरवून साध्या प्रिंटरवर छापणे सोपे पडेल. केंद्र सरकारने जून २०२२ मध्ये देशातील ६३,००० प्राथमिक कृषी पतसंस्थांच्या संगणकीकरणाची योजना मंजूर केली आहे. आपली संस्था तिच्यात असली तरी जुने उतारे जपण्याची जबाबदारी संस्थेचीच राहते.

प्रश्न : एक दुकानदार म्हणतो की सहाव्या पिढीच्या माझ्या संगणकावरही तो विंडोज ११ घालून देईल. मग मायक्रोसॉफ्ट नाही का म्हणते?
— एक विद्यार्थी, सिडको

उत्तर : तो खोटे बोलत नाही. पात्रतेची तपासणी वगळून विंडोज ११ बसवता येते आणि सहाव्या पिढीवर ती बऱ्यापैकी चालतेही. पण मायक्रोसॉफ्टने स्पष्ट म्हटले आहे की अशा संगणकांना दुरुस्त्या मिळण्याचा हक्क नाही. मासिक दुरुस्त्या आज येत असल्या तरी वर्षाची मोठी आवृत्ती आपोआप येत नाही. प्रत्येक वेळी तीच कसरत करावी लागते. अटी कडक होऊही शकतात : २४-एच-२ पासून एसएसई-४.२ ही क्षमता नसलेल्या कोअर-टू-ड्युओच्या काळातील प्रोसेसरवर ती चालूच होत नाही. अभ्यासाच्या दुय्यम संगणकावर प्रयोग म्हणून करायचे असेल तर माझी हरकत नाही. मात्र दुकानदाराला एक प्रश्न अवश्य विचारावा : परवाना मूळ विंडोज १० चाच पुढे चालणार की तो ‘ॲक्टिव्हेटर’ने, म्हणजे परवान्याची तपासणी चुकवणाऱ्या साधनाने, चालू करून देणार? दुसरे उत्तर आले तर संगणक घेऊन परत यावे. तशा साधनांबरोबर काय आत येते ते दुकानदारालाही ठाऊक नसते.

प्रश्न : नवीन लॅपटॉपवर बायोसचे अपडेट केले आणि निळ्या पडद्यावर ४८ अंकी किल्ली मागितली गेली. आम्ही कोणतीही किल्ली लावली नव्हती. आता काय करावे?
— एक वाचक, नाशिक रोड

उत्तर : आपण लावली नव्हती हे खरे, पण प्रणालीने लावली होती. २४-एच-२ नंतर नव्याने बसवलेल्या विंडोज ११ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या खात्याने प्रवेश केला की डिस्क आपोआप कूटबद्ध होते, होम प्रकारातही. बायोस बदलला की टीपीएमला संशय येतो आणि किल्ली मागितली जाते. दुसऱ्या संगणकावर किंवा मोबाइलवर ज्या खात्याने लॅपटॉप प्रथम सुरू केला त्याच खात्याने मायक्रोसॉफ्टच्या संकेतस्थळावर जावे. उपकरणांच्या यादीत बिटलॉकरची, म्हणजे डिस्क कूटबद्ध करणाऱ्या सोयीची, किल्ली असते. पडद्यावरील ओळख-क्रमांकाची पहिली आठ अक्षरे यादीतील क्रमांकाशी जुळवून पाहावीत. लॅपटॉप दुकानदाराने आपल्या सोयीसाठी स्वतःच्याच मेलवर सुरू करून दिला असेल, तर किल्ली त्याच्या खात्यात असेल. हे आपल्याकडे फार चालते, आणि ते ताबडतोब थांबवले पाहिजे. किल्ली कोठेच सापडली नाही तर डिस्कवरील माहिती मायक्रोसॉफ्टही परत देऊ शकत नाही. मिळाली तर कागदावर छापून घरातील महत्त्वाच्या कागदपत्रांत ठेवावी.

प्रश्न : विंडोज ११ घेतल्यापासून आईला स्टार्टचे बटण सापडत नाही आणि उजव्या क्लिकमध्ये नेहमीचे पर्याय दिसत नाहीत.
— एक वाचक, गंगापूर रोड

उत्तर : सेटिंग्ज, पर्सनलायझेशन, टास्कबार या क्रमाने जाऊन ‘टास्कबार बिहेवियर्स’मध्ये डावी बाजू निवडावी; बटण जुन्या जागी येईल. उजव्या क्लिकनंतर ‘शो मोअर ऑप्शन्स’ दाबले की जुनी यादी उघडते. आईंच्या नेहमीच्या तीन-चार गोष्टी टास्कबारवर पक्क्या करून दिल्यात, तर स्टार्टचे बटण त्यांना फारसे लागणारही नाही.

प्रश्न : कार्यालयातील जुने संगणक काढून टाकायचे आहेत. भंगारवाला चांगले पैसे देतो म्हणतो.
— एक व्यवस्थापक, सातपूर

उत्तर : संगणक चालू असेल तर सेटिंग्जमधील ‘रिसेट’मध्ये सर्व काही काढण्याचा पर्याय निवडून, त्यातच माहिती स्वच्छ करण्याची सोयही चालू करावी. फिरत्या डिस्कला यास अनेक तास लागू शकतात. चालू नसेल तर डिस्क काढून स्वतःकडे ठेवावी. ई-कचऱ्याचे २०२२ चे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत. त्यांनुसार असे संगणक नोंदणीकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्याकडेच गेले पाहिजेत, भंगारवाल्याकडे नव्हे आणि घंटागाडीतही नव्हे. यादी करून, अनुक्रमांक लिहून पावती घ्यावी, कारण हिशेबाच्या पुस्तकांतून मालमत्ता काढताना लेखापरीक्षक तीच मागतील. आणि यातील एखादा संगणक जुन्या यंत्राचा किंवा जुन्या फायलींचा शेवटचा आधार नाही ना, हे गाडी येण्याआधी प्रत्येक विभागाला विचारून घ्यावे.